गंगव्वाचं लोह

माझी आणि सुनंदाक्कांची ओळख कोरड्या भाकरीवर झाली. कोरडी म्हणजे अगदी कोरडी. चटणी नाही, कांदा नाही, तेलाचा थेंब नाही. बंगळूरच्या एका धान्य संशोधन केंद्रात प्रयोगशाळा सांभाळायला मी पुण्याहून रुजू झालो, त्या दिवसाची गोष्ट. दुपारी डबा उघडणार इतक्यात एक ठेंगण्या बाई पदर खोचून दारात उभ्या राहिल्या.

"पुण्याचा तो तूच काय रे? डबा मिटव. आधी हे खा."

ताटात भाकरीचे सहा तुकडे होते. प्रत्येकाखाली एक चिठ्ठी आणि चिठ्ठीवर नुसता आकडा.

"चावून खा हां. कुठली गोड, कुठली तुरट, कुठली दाताला चिकटते ते सांग. घाई नको."

मी पुणेरी असूनही, नवीन जागा म्हणून, "सगळ्याच छान आहेत" असं नम्रपणे सांगितलं. बाईंनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि भाजीत अळी निघावी तसं माझ्याकडे पाहिलं.

"सगळंच छान म्हणणारा माणूस प्रयोगशाळेत काय कामाचा? परत खा."

परत खाल्लं. तिसरा तुकडा तुरट होता. पाचवा घशाखाली उतरायला पाणी मागत होता. तसं सांगितल्यावर त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि निघून गेल्या. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "पास झालात. मला तीन वेळा खायला लावलं होतं."

सुनंदाक्का ज्वारीच्या पैदासकार होत्या. म्हणजे ज्वारीच्या दोन जातींचा संकर करायचा, त्यातून निघालेली पिलावळ वर्षानुवर्षं पेरत, निवडत, टाकून देत जायची आणि आठ-दहा वर्षांनी असा एखादा वाण हाती लागतो का ते पाहायचं, की ज्याला दाणाही भरपूर आणि दाण्यात कसही भरपूर. कस म्हणजे मुख्यतः लोह आणि जस्त. हे काम चिकाटीचं आहे असं लोक म्हणतात. अक्कांकडे चिकाटी होती का ते मला सांगता येणार नाही. हट्ट मात्र अफाट होता.

त्या मूळच्या विजापूरकडच्या, चडचणच्या बाजूच्या. घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि भांडण दोन्हीत. केंद्रात सगळे त्यांना अक्का म्हणत, वयाने मोठे असलेले ड्रायव्हरसुद्धा. बंगळूर हा नाचणीचा मुलूख. कँटीनमध्ये मुद्दे म्हणजे नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा, भात, सांबार. अक्का तिथे रोज विचारत, "भाकरी आहे काय?" आणि कँटीनवाला रोज सांगे, "इल्ला अक्का." हा संवाद मी येण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आला होता. त्याने एकदाही भाकरी केली नाही आणि यांनी एक दिवसही विचारायचं सोडलं नाही.

आणि तरीही, तीस-एक वर्षांच्या नोकरीत अक्कांचा एकही वाण शेतकऱ्याच्या हातात गेला नव्हता. बरोबरीच्यांचे दोन-दोन, तीन-तीन गेले होते. त्यांचे फोटो सभागृहाच्या भिंतीवर होते, हातात कणीस धरून हसणारे. अक्कांचं घोडं दर वेळी शेवटच्या बैठकीत अडे. समिती दाण्याचं वजन बघायची, आणि अक्का म्हणायच्या, वजन बघा पण चावून पण बघा. मी आलो तेव्हा त्यांच्या निवृत्तीला अडीच वर्षं उरली होती आणि हातात एकच वाण शिल्लक होता. त्या ज्वारीचं नाव गंगव्वा.

वहीत तिला आकडा होता, चारशे सतरा. पण अक्का आपल्या आवडत्या वाणांना गावाकडच्या बायकांची नावं देत. गंगव्वा म्हणजे त्यांच्या गल्लीतली एक म्हातारी, जिचे सगळे दात शेवटपर्यंत शाबूत होते. या ज्वारीचा दाणा टणक, पांढराशुभ्र, चकचकीत, म्हणून ते नाव. दुसरी एक होती रखमा. किडकिडीत ताट, कणसात मोजके दाणे, पण लोहात दर वर्षी पहिली. "रखमा आमच्या शेजारची," अक्का सांगत, "अंगावर मांस नव्हतं, पण अख्ख्या गल्लीचं पाणी भरायची." नवीन माणसाची यात भलतीच पंचाईत होई. माझ्या पहिल्याच आठवड्यात अक्का फोनवर ओरडून सांगत होत्या, "गंगव्वाला खोडमाशी लागली, रखमाला पाखरांनी खाल्लं!" आणि मी हातातली नळी धरून तसाच उभा राहिलो होतो.

अक्कांची भाकरीची चाचणी हा केंद्रातला सगळ्यांचा लाडका विनोद होता. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात शेगडी, परात आणि लोखंडी तवा. सुरक्षा अधिकाऱ्याने शेगडी दोनदा जप्त केली, अक्कांनी तिसऱ्यांदा आणली. प्रत्येक वाणाचं पीठ किती पाणी पितं, थापताना कडा फुटतात का, तव्यावर पापुद्रा सुटतो का, सगळं वहीत लिहायचं. मग त्या भाकऱ्या फडक्यात गुंडाळून संध्याकाळपर्यंत ठेवायच्या आणि सहा वाजता, आम्ही घरी जायला बॅगा उचलल्या की, पुन्हा सगळ्यांना एकेक गार तुकडा.

"तव्यावरची गरम तर कुठलीबी चांगली लागते," त्या म्हणत. "बाई पहाटे बडवती आणि खाणारा दुपारी रानात खातो. गार झाल्यावर काय होतं ते सांग."

मी यंत्रवाला माणूस. चावून गुण देणं मला पोरखेळ वाटे, आणि एकदा मी ते बोलून दाखवलं. म्हटलं, अक्का, माझं यंत्र दाण्यातला कणन् कण मोजून देतं, तुम्ही उगाच दात झिजवताय.

"तुझं यंत्र जेवतं काय रे?" अक्का म्हणाल्या.

मी पुढचा नमुना यंत्रात घातला.

मी पाहिलेली त्यांची पहिली समितीची बैठक मी जन्मात विसरणार नाही. गार हवेचं सभागृह, टेबलावर पाण्याच्या छोट्या बाटल्या, बाहेरून आलेले पाच-सहा तज्ज्ञ. गंगव्वाचा क्रम आला. एक सदस्य कागद उलटत म्हणाले, चारशे सतराचा दाणा तुलनेच्या वाणापेक्षा कमी भरतो, पुढे चला. अक्का उठल्या आणि सरळ बाहेर गेल्या. सगळ्यांना वाटलं, रागावून गेल्या. दोन मिनिटांनी परत आल्या त्या खांद्यावर कडब्याच्या दोन पेंढ्या घेऊनच, आणि त्या पॉलिश केलेल्या टेबलावर आपटल्या. बाटल्या आडव्या झाल्या. एक तज्ज्ञ शिंकायला लागले ते थांबेचनात.

"ही बुटकी, तुमची जास्त दाण्याची," अक्का म्हणाल्या. "आणि ही माझी. उंची बघा, पाला बघा. आमच्याकडचा माणूस दाणा आणि कडबा दोन्ही बघून पेरतो. बैलाला काय तुमचा अहवाल घालायचा?"

अध्यक्ष शांत गृहस्थ होते. त्यांनी टेबलावरचा पाला बोटांनी बाजूला सारला आणि निकाल दिला: कडब्याचंही वजन धरू, आणखी चाचण्या होऊ देत. दाण्यात गंगव्वा किंचित मागे राहिली तरी चालेल, पण मग लोहात ती ठळकपणे पुढे असली पाहिजे. ते सिद्ध करा, वाण मंजूर करू. अक्कांनी मान डोलावली आणि पेंढ्या उचलून चालत्या झाल्या. तज्ज्ञांच्या कोटांवरचा भुसा झाडायला शिपायाला अर्धा तास लागला.

घरीही हेच. सर्जापूर रोडवर मुलाने घेतलेल्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्या राहत. खाली सोसायटीच्या बागेत शोभेच्या पामच्या झाडांमध्ये मोकळी जागा होती. अक्कांनी तिथे कुणाला न विचारता ज्वारी टोकली. ती पुरुषभर उंच झाली, कणसं आली आणि कणसांवर पाखरांचे थवे आले, आणि त्या पाखरांनी गाड्यांच्या टपांवर जे करायचं ते केलं. सोसायटीच्या कमिटीने नोटीस काढली: अनधिकृत लागवड. अक्का बैठकीला गेल्या. तिथला वृत्तान्त त्यांच्याच तोंडून ऐकलेला. सेक्रेटरी इंग्रजीत बोलला, अक्का कन्नडमध्ये. तो म्हणाला, इथे फक्त शोभेची झाडं लावायची असा नियम आहे. अक्का म्हणाल्या, "माझ्या डोळ्याला हीच शोभा दिसते. तुमच्या पामला एक पाखरू तरी येतं काय?" शेवटी ज्वारी कापावी लागलीच. पण कापायच्या आधी त्यांनी बिल्डिंगमधल्या पोरांना हुरडा खायला घातला. पुढच्या वर्षी पोरांनीच सेक्रेटरीला विचारलं, यंदा ज्वारी कधी? मुलगा वैतागून म्हणे, आई, तुझ्यामुळे मला लिफ्टमध्ये तोंड लपवावं लागतं. अक्का म्हणत, "मग जिन्यानं जा की."

आता माझ्याकडे येतो. टाळलं असतं, पण टाळून अक्का सांगता येणार नाहीत.

धान्यातलं लोह मोजायचं तर धान्याला लोखंड लागू द्यायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मळणी यंत्रात करायची नाही. कणसं कापडावर पसरून लाकडी दांडक्याने झोडायची. धूळ धुऊन काढायची, कारण मातीतही लोह असतं. आणि दळायचं ते चिनी मातीच्या भांड्यात. शेवटच्या वर्षीचे बाकी सगळ्या वाणांचे नमुने, रखमासकट, मी असेच दळले. गंगव्वा उशिरा पिके, म्हणून तिचे नमुने सगळ्यांत शेवटी आले, आणि नेमकं तेव्हा भांडं तडकलं. नवीन यायला दोन महिने लागणार होते. अहवालाची तारीख डोक्यावर होती. माझ्याकडे स्टीलच्या पात्यांची एक चक्की होती. म्हटलं, उत्तम स्टील आहे, गंजत नाही, काय होतंय! गंगव्वाचा दाणा कसला टणक! नेहमीच्या दुप्पट वेळ चक्की फिरवावी लागली. पात्यांचा करकर आवाज खोलीभर येत होता आणि तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. वर, चक्की बदलल्याची नोंदही मी केली नाही. विसरलो असं म्हणायला आवडेल. खरं म्हणजे कंटाळा केला.

निकाल आला. आधीची दोन वर्षं गंगव्वाचं लोह बरं होतं, पण समितीला हवं तसं ठळक नव्हतं. या वर्षी त्याने एकदम उडी मारली. रखमाच्याही पुढे. डायरेक्टरसाहेब स्वतः प्रयोगशाळेत आले आणि त्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. अक्कांनी तो कागद उभ्याउभ्याच वाचला, मग खुर्ची ओढून बसल्या आणि पुन्हा वाचला. "आली गं बाई माझी गंगव्वा," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी कँटीनमध्ये भाकरी विचारायला त्या पहिल्यांदाच विसरल्या. कँटीनवाला कावराबावरा होऊन मला विचारत होता, अक्कांना बरं नाही काय?

मग पाहुणे यायला लागले. अलीकडे भरड धान्यांना चांगले दिवस आले आहेत. वीस वर्षं ज्यांनी ज्वारीकडे ढुंकून पाहिलं नाही ते आता तिचे फोटो काढतात. कोरमंगल्याहून एक मुलगा आणि एक मुलगी आली. त्यांना लोहयुक्त ज्वारीची बिस्किटं काढायची होती. पाकिटाचं चित्रसुद्धा तयार होतं: त्यावर पोटावर हात ठेवलेली एक गरोदर बाई, हसरी. अक्का त्या चित्राकडे बराच वेळ बघत होत्या.

"ही बाई लोहाच्या गोळ्या घेती काय?" त्यांनी विचारलं.

मुलगी हसून म्हणाली, "मॅडम, तोच तर मुद्दा आहे. आमची बिस्किटं खाल्ली की गोळीची गरजच नाही."

अक्का हसल्या नाहीत. पाहुणे गेल्यावर कपाटातून सगळ्या वर्षांच्या वह्या काढून बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलापाशी आल्या.

"लोह एवढं वाढलं. मग जस्त का वाढलं नाही?"

"म्हणजे?"

"ही दोघं सख्खी भावंडं रे. एक वाढलं की दुसरं थोडं तरी वाढतं. माझ्या सगळ्या वह्यांत तसंच आहे. याच वर्षी एकटंच कसं निघालं?"

मी म्हटलं, हवामान असेल, माती असेल. त्या ऐकून घेत होत्या.

"उरलेल्या पिठात क्रोमियम बघ," त्या म्हणाल्या.

"अक्का, ज्वारीत क्रोमियम कोण बघतं?"

"तू बघ."

स्टीलमध्ये क्रोमियम असतं. ज्वारीत ते जवळजवळ नसतं. यंत्राचं बटण दाबायच्या आधीच मला सगळं कळलं होतं, आणि पडद्यावरच्या आकड्यानेही तेच सांगितलं. गंगव्वाने माझ्या चक्कीची पाती खरवडून काढली होती, आणि तेच लोखंड आम्ही तिच्या नावावर जमा केलं होतं.

"कशात दळलंस?"

मी सांगितलं.

"लिहिलं होतंस?"

"नाही."

तोवर त्या शांत होत्या. आता मात्र त्यांचा आवाज बाहेरच्या बागेपर्यंत गेला. "चुकलास ते एक राहू दे. लिहिलं नाहीस? भाकरीचा तुकडा चावला तरी मी लिहिते रे! तीस वर्षं लिहिते! आणि तू एवढा शिकलेला, यंत्रवाला…" पुढचं कन्नडमध्ये होतं. सगळं कळलं नाही, पण जे कळलं ते पुरेसं होतं.

नंतरचे चार दिवस मी चिनी मातीच्या खलात हाताने गंगव्वा कुटली. यंत्र नाही, चक्की नाही. तळहाताला फोड आले. अक्का समोर स्टुलावर बसून असत. कुटलेलं पीठ मोजलं. गंगव्वाचं लोह आधीच्या वर्षांइतकंच होतं. बरं, पण समितीला हवं तसं नाही. म्हणजे तिची मंजुरी गेली. माझा स्वतःवर इतका संताप झाला की मी राजीनाम्याचा कागद लिहून खिशात ठेवला.

डायरेक्टरसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी अक्कांना केबिनमध्ये बोलावलं, मलाही. दार लावून घेतलं आणि समजुतीच्या स्वरात कन्नडमध्ये म्हणाले, अक्का, तुम्हाला चार महिने राहिलेत. एकदा वाण जाहीर होऊ दे. पुढच्या वर्षी कुणी मोजलं आणि कमी भरलं, तर हवामानावर ढकलता येतं. वाण तर चांगलाच आहे ना, कडबा आहे, भाकरी आहे. कुणाचं काय बिघडतंय?

मी कबूल केलं पाहिजे, माझ्या मनात क्षणभर आलं, हो म्हणा अक्का. तुमचाही फोटो भिंतीवर लागू दे.

"माझ्या गावातली पोटुशी पोरगी गोळी बंद करून ही भाकरी खाईल," अक्का म्हणाल्या. "केंद्रानं सांगितलंय म्हणून खाईल, आणि बाळंतपणात पांढरी पडेल. तेव्हा कुठल्या हवामानावर ढकलू, साहेब?"

"लोक पाहुण्यांना सांगून बसलेत, अक्का. मी वर कळवून बसलोय."

"मग परत कळवा."

बैठकीच्या दिवशी मी ठरवून गेलो होतो की उभं राहायचं आणि माझी चूक सांगायची. गंगव्वाचा क्रम येताच मी खुर्ची मागे सरकवली. अक्कांनी माझ्या शर्टाचं टोक धरून मला खाली बसवलं आणि स्वतः उठल्या. दोनच मिनिटं बोलल्या. या वर्षीचं लोह चक्कीच्या पात्यांचं आहे, ज्वारीचं नाही. फेरतपासणीचे कागद सोबत आहेत. प्रस्ताव मी मागे घेते.

मागच्या वेळी शिंकत होते त्या तज्ज्ञांनी विचारलं, दळण कुणी केलं?

"प्रयोग माझा," अक्का म्हणाल्या. "दळण माझ्या प्रयोगातलं. माझं नाव लिहा."

"तसं नाही मॅडम, जबाबदारी निश्चित…"

"केली की निश्चित. स्पेलिंग सांगू काय?"

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मी खाली मान घालून बसलो होतो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते लपवायला बाटलीचं झाकण उघडत होतो. बाहेर पायऱ्यांवर मी काहीतरी बोलायला गेलो.

"उपकार केले असं समजू नको," अक्का म्हणाल्या. "तुला वाचवायला नाही बोलले. आणि तो खिशातला कागद फाडून टाक. इथून पळून गेलास तर पुढची चूक कुठं तरी दुसरीकडं करशील, आणि तिथं क्रोमियम बघायला मी नसणार."

कागदाचं त्यांना कसं कळलं ते मला अजून माहीत नाही.

त्यानंतर केंद्रात लोक त्यांच्याशी हळू आवाजात बोलायला लागले, दुःखाच्या घरी बोलतात तसं. कुणी म्हणे, अक्का, तुमच्या नशिबीच नव्हतं. अक्कांना याचा भयंकर राग येई. "मेलंय काय कोण इथं?" त्या फटकारत. ऑक्टोबरात त्यांनी नव्या संकरासाठी, म्हणजे गंगव्वाच्या दाण्यात रखमाचं लोह आणण्यासाठी, जमिनीचा तुकडा मागितला. उत्तर आलं: निवृत्त होणाऱ्यांना नवीन प्रयोगासाठी जमीन देण्याची पद्धत नाही. अक्कांनी ते पत्र दोनदा वाचलं, "सरी", म्हणजे बरं, म्हणाल्या आणि पंपघराच्या मागे, कुंपणाच्या भिंतीलगत, जिथे कुणी काही पेरत नसे तिथले दगड वेचायला लागल्या. मी आणि दोन मजूर बायका मदतीला गेलो. चार तासांत जागा साफ केली. उशिरा फुलणारी गंगव्वा आधी पेरली आणि रखमा दहा-बारा दिवसांनी, म्हणजे दोघी एकाच वेळी फुलतील. डायरेक्टरसाहेबांच्या खिडकीतून तो तुकडा दिसत असे. त्यांनी कधी विचारलं नाही. एकदा मात्र पाण्याची पाळी चुकली तेव्हा त्यांनीच पंपवाल्याला झापलं असं कानावर आलं.

डिसेंबरच्या शेवटच्या तारखेला अक्का निवृत्त झाल्या. सभागृहातले हार, भाषणं, शाल, नारळ हे सगळं मला नीट आठवत नाही. आठवते ती सकाळ. कार्यक्रम दहाचा होता. साडेनऊ वाजले तरी अक्कांचा पत्ता नव्हता. मी पंपघराच्या मागे गेलो. निरोपासाठी सुनेने घेतलेली मोरपंखी रेशमी साडी गुडघ्यापर्यंत वर खोचून, पायात रबरी चपला, अक्का कणसांमध्ये उभ्या होत्या. तीन दिवसांपूर्वी त्यांनी गंगव्वाच्या कणसांमधल्या फुलांतले नर भाग सुईने एकेक करून काढले होते आणि वर कागदी पिशव्या चढवल्या होत्या. आज रखमाचा पराग त्यावर पाडायचा होता. तो सकाळचे दोन-तीन तासच जिवंत असतो.

"काय बघायलास? पिशवी धर."

मी पिशवी धरली. रखमाचं कणीस त्यांनी पिशवीत हलकेच झटकलं, पिवळी पूड खाली जमली, ती पिशवी त्यांनी गंगव्वाच्या कणसावर उलटी करून हलवली. पराग साडीवरही पडत होता.

"अक्का," मी म्हटलं, "याचं पहिलं बी पेरतानासुद्धा तुम्ही इथे नसाल. वाण व्हायला दहा वर्षं लागतील."

"मग? बी काय माझी वाट बघत बसतं काय रे? त्याला पाणी पाहिजे. पाणी दे म्हणजे झालं."

त्यांनी कमरेला खोचलेली लेबलं काढून माझ्या हातात दिली, आणि पेन्सिल. मी तारीख लिहिली. आई गंगव्वा, बाप रखमा, असं आमच्या आकड्यांत लिहिलं. खाली संकर करणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. मी 'सु' काढला.

"माझं नको," अक्का म्हणाल्या. "तुझं घाल."

"संकर तुमचा आहे."

"उद्या या कणसाला काय झालं तर विचारायला मी आहे काय इथं? ज्याला जाब विचारता येतो त्याचं नाव घालायचं. घाल."

मी तो 'सु' खोडला आणि माझं नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट. अक्कांनी लेबल चष्म्याजवळ नेऊन वाचलं, अक्षर लागतंय याची खात्री केली आणि देठाला घट्ट बांधलं. तेवढ्यात शिपाई धापा टाकत आला. त्याची ही तिसरी खेप होती.

"अक्का, साहेब हार घेऊन उभे आहेत. सगळे थांबलेत."

"स्वल्प उभे राहू देत," पुढच्या कणसाची पिशवी सोडवत अक्का म्हणाल्या. "अजून सात राहिलीत."